‘वाळवंटी विंचू तीन महिन्यांत मेला’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. आमच्याकडून नेलेला ॲरिझोनाचा केसाळ वाळवंटी विंचू, म्हणजे हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस, तीन महिन्यांत मेला. आम्ही पैसे परत दिले नाहीत. आणि नंतर जाड शेपटीचा, जहाल विषाचा अँड्रॉक्टोनस विंचू मागितला तेव्हा उर्मटपणे नकार दिला. विंचू गेल्याचं आम्हालाही वाईट वाटलं. पण ‘आजारी माल खपवला’ हे मान्य नाही. का नाही, ते तुम्हीच टाकलेल्या फोटोंवरून सांगतो.

पहिल्या फोटोत पेटीच्या काचेला आतून बाष्प धरलंय आणि तळाशी कोकोपीट, म्हणजे ओल धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा, आहे. आम्ही वाळू-मातीचं मिश्रण दिलं होतं. ‘कोरडं पडू नये म्हणून रोज फवारा मारला’ असं तुम्ही लिहिलंय. घात तिथेच झाला. हा विंचू सोनोरा आणि मोहावी वाळवंटातला. त्याच्या कवचावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे अंगातलं पाणी फारसं उडत नाही. लागतं तेवढं पाणी बहुतेक भक्ष्यातूनच मिळतं. आर्द्रतामापक साधारण ४० टक्क्यांच्या खाली असावा. ओल्या, कोंदट हवेत कवचावर बुरशी धरते. तुमच्या तिसऱ्या फोटोत पायांच्या सांध्यांशी आणि पोटाखाली जे काळे डाग दिसतात ते हेच. पूर्ण वाढ झालेला विंचू पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे असा डाग एकदा पसरला की जुन्या कवचाबरोबर गळून जाण्याची सोय उरत नाही. विक्रीच्या दिवशी आम्ही विंचवाचे वरून-खालून फोटो काढून पावतीसोबत पाठवतो. ते उघडून पाहा, पोट स्वच्छ आहे.

दुसरी गोष्ट हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेची पातळ चटई. ती तुम्ही पेटीच्या तळाखाली चिकटवलीत. उंदीर-सापांच्या पेट्यांमध्ये हे चालून जातं, बीळ करणाऱ्या विंचवाला चालत नाही. वाळवंटात ऊन वर असतं आणि खाली गारवा. उकडलं की हा खाली खणतो. मॅट तळाशी असेल तर जितकं खाली जावं तितकं जास्त भाजतं. त्यात तुमच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर वाळूच्या वर ठेवलेला दिसतो. वरचा भाग गार राहतो, थर्मोस्टॅटला वाटतं अजून तापायला हवं, आणि मॅट अखंड चालू. वर २७ अंश दाखवत असताना तळाला किती झालं असेल, याचा अंदाज कुठल्याच काट्यावर दिसत नाही. मॅट बाजूच्या काचेवर लावा, पेटीचा तिसरा हिस्सा झाकेल एवढीच, आणि सेन्सर त्याच बाजूला. दिवसा गरम कोपरा २८ ते ३२ अंश, रात्री २०–२२ पर्यंत उतरला तरी हरकत नाही.

पेटीच्या तळाचा वाळू-मातीचा थर कसा करायचा, हे आमच्या पत्रकात आहे, तरी पुन्हा लिहितो. चाळलेली बारीक वाळू चार भाग, चिकणमातीची कोरडी पूड एक भाग. थोडं थोडं पाणी घालून कालवा. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. किमान १५ सेंटीमीटरचा थर दाबून बसवा. काचेला लागून एक तिरपा बोगदा जाड काठीने तळापर्यंत पाडा. मग झाकण उघडं ठेवून दहा-पंधरा दिवस वाळू द्या. इथे सगळे घाई करतात. वरून कोरडं दिसतं, खाली ओल असते, आणि विंचू नेमका तिथेच जाऊन बसतो. नुसती वाळू घातली तर बीळ ढासळतं. पेटीला समोरासमोर दोन्ही बाजूंना भोकं हवीत, एकाच बाजूला असतील तर हवा खेळत नाही.

खाणं: आठ-दहा दिवसांतून एक मोठा रातकिडा पुरे. दुसऱ्या दिवशी न खाल्लेला काढून टाका. कुजलं की माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, येतात. पाण्याची उथळ झाकणी कोरड्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, सांडू नये एवढंच पाहा. ‘आठवडाभर हलला नाही म्हणून फवारा वाढवला’ असंही तुम्ही लिहिलंय. हा प्राणी आठवडेच्या आठवडे बिळात पडून राहतो, महिनोन् महिने न खाता काढतो. ते दुखणं नव्हे. आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकत होता म्हणजे जिवंत होता, हा तर्कही चुकीचा. मेलेला विंचूही तसाच चमकतो.

आता अँड्रॉक्टोनस. इथे इंग्लंडमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली विंचवांचं ब्युथिडी हे अख्खं कुळ येतं. अँड्रॉक्टोनस त्यातलाच. घरी ठेवायचा तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. त्याआधी पशुवैद्य जागा पाहून जातो आणि विमा दाखवावा लागतो. तुम्ही नेलेला हॅड्रुरस त्या कुळातला नाही, म्हणून तो परवान्याशिवाय देता आला. परवाना दाखवा, एवढंच आम्ही म्हटलं. त्यात उर्मटपणा काय ते कळलं नाही.

‘गावी लाल विंचू शेपटीला धरून उचलायचो’ असं तुम्ही लिहिलंय. कोकणातला तो लाल विंचू, हॉटेन्टोटा टॅम्युलस, ब्युथिडीच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, त्याआधी त्याच्या दंशाने फुफ्फुसात पाणी होऊन कितीतरी माणसं दगावत. तोवर नशिबाने नांगी लागली नसेल, तेवढ्यावर अँड्रॉक्टोनस घरात आणू नये. चिमटे बारीक आणि शेपूट जाड, तर विष जहाल, हा ढोबळ नियम दोघांनाही लागू पडतो. सौम्य विषाचा हॅड्रुरसही हाताने उचलायचा नाही. टोकाला स्पंज लावलेला २५–३० सेंटीमीटरचा फोर्सेप घ्या. कुठल्याही विंचवाच्या विषाची ॲलर्जी येऊ शकते. नांगी लागल्यावर श्वास लागला तर थेट ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन.

एक गोष्ट फोटोत दिसली म्हणून सांगतो. तुमच्या पेटीचं झाकण नुसतं टेकवलेलं आहे. गुळगुळीत काच विंचवाला चढता येत नाही, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या सांध्यावर पाय रोवून तो सरळ वर येतो. कुलूपवालं झाकण घ्या.

पैसे परत मिळणार नाहीत. पावतीवर १४ दिवसांची मुदत आहे आणि तुम्ही तीन महिन्यांनी कळवलंत. पुन्हा विंचू पाळायचा विचार असेल तर पेटी रिकामी करून, गरम पाण्याने धुऊन, वाळवून घेऊन या. थर आम्ही भरून देऊ, त्याचे पैसे नाहीत. मॅट मात्र ओढून काढू नका, आतली तार तुटली की ती पुन्हा वापरणं धोक्याचं. पेटीसकटच आणा.