बेवारस

"आता गुन्हा राहिला नाही ना? मग लग्नाचा एवढा हट्ट कशाला?"

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्या आठवड्यात मावशीनं पुण्याहून फोनवर विचारलं. मावशी प्रेमळ आहे. माझ्या जोडीदाराची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवत नाही. तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच कळत नव्हतं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज सांगतो, पण सुरुवात मी राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सपासून करावी लागेल.

इथल्या फ्रेंच क्वार्टरमध्ये, आयबरव्हिल रस्त्याच्या कोपऱ्यावर, फुटपाथमध्ये एक पाटी बसवलेली आहे. त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर 'अपस्टेअर्स लाउंज' नावाचा बार होता. २४ जून १९७३, रविवारची संध्याकाळ. स्वस्तात बिअर, पियानो, ओळखीची माणसं. त्यांतली बरीचशी मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चची होती. समलिंगी माणसांना आपलं म्हणणारं हे चर्च, आणि पूर्वी त्याची प्रार्थनाही याच जागेत भरायची. कुणीतरी लाकडी जिन्यावर लायटरचं तेल ओतून काडी लावली. बेल वाजली, दार उघडलं आणि आग आत घुसली. बारमधल्या एका कर्मचाऱ्यानं वीसेक जणांना मागच्या दारानं गच्चीवर काढलं. उरलेले खिडक्यांकडे धावले, तर खिडक्यांना गज. पाद्री बिल लार्सन तिथंच अडकून गेले आणि त्यांचा मृतदेह कित्येक तास रस्त्यावरून दिसत राहिला. एक जण सुखरूप बाहेर पडला होता. जोडीदार आत राहिल्याचं कळताच तो परत गेला. दोघं एकत्रच सापडले. वीस मिनिटांच्या आत सगळं संपलं. ३२ माणसं गेली. ज्याच्यावर संशय होता त्याच्यावर खटला कधीच उभा राहिला नाही, आणि पुढच्या वर्षी त्यानं आत्महत्या केली.

मला आगीपेक्षा त्यानंतरचे दिवस जास्त छळतात. महापौर गप्प, गव्हर्नर गप्प. रेडिओवर मेलेल्यांवर विनोद झाले. एकामागून एक चर्चनं अंत्यविधीला नकार दिला. बिल रिचर्डसन नावाच्या एका एपिस्कोपल पाद्र्यानं छोटीशी प्रार्थना घेतली, तर वरिष्ठांनी त्यांनाच फैलावर घेतलं. अखेर १ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चमध्ये शोकसभा झाली. बाहेर कॅमेरे लागले होते. चेहरा दिसला तर नोकरी जायची भीती होती, म्हणून मागच्या दाराची सोय ठेवली होती. तरी लोक पुढच्या दारानंच बाहेर पडले, असं इथली जुनी माणसं सांगतात.

आणि काही मृतदेह न्यायला कुणी आलंच नाही. तिघांची ओळख तेव्हा पटली नाही. चौथ्याची पटली होती, तो दुसऱ्या महायुद्धात लढलेला सैनिक, पण त्यालाही त्यांच्यासोबत बेवारसांच्या जागेत पुरलं. त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरच्यांना हे २०१५ मध्ये कळलं, ४२ वर्षांनी.

बेवारस म्हणजे ज्याचं कुणी नाही तो. या माणसांची माणसं होती. पण कागदावर त्यांना वारस म्हणून जागाच नव्हती.

हे सगळं अमेरिकेतलं, पन्नास वर्षांपूर्वीचं, असं वाटेल. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मुंबईतल्या माझ्या मित्राचा जोडीदार गेला. चौदा वर्षं दोघांचा एकत्र संसार होता. रुग्णालयाच्या फॉर्मवर 'नाते' या रकान्यात मित्रानं 'मित्र' लिहिलं. तिथल्या माणसानं फॉर्म परत केला आणि रक्ताचं कुणी आहे का, असं विचारलं. गावाहून भाऊ आला. सात वर्षांत त्यानं एक फोन केला नव्हता. सही त्याची चालली, अग्नी त्यानं दिला, दहावा गावी झाला. माझ्या मित्राला कुणी सुतकात धरलं नाही, भेटायला कुणी आलं नाही. आठवड्यानं त्यानं लॅपटॉप उघडला आणि कामाला लागला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. पत्र निघालं हे चांगलं झालं, मला त्याचं मोल आहे. पण ती अट पुन्हा वाचा. माझ्या मित्राच्या बाबतीत नातेवाईक 'उपलब्ध' होता. हे पत्र तेव्हा असतं तरी तो रांगेत शेवटीच उभा राहिला असता. मावशी, लग्नाचा हट्ट त्या रांगेतल्या जागेसाठी आहे गं. वरात आणि हॉल आम्हाला नकोत असं नाही, पण ते नंतर.

'तुम्ही तिकडचं सगळं चांगलं म्हणता,' असंही मला ऐकावं लागतं. मी तसं म्हणत नाही. इथल्या कॅथलिक आर्चबिशपनी खेद व्यक्त करायला २०१३ उजाडलं. शहराच्या कौन्सिलनं अधिकृत माफी २०२२ मध्ये मागितली, आगीनंतर ४९ वर्षांनी. माफी ऐकायला बहुतेक आईवडील उरले नव्हते. एवढा उशीर आपल्याकडे होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

डिसेंबरात आम्ही दोघं पुण्याला येतोय. लग्नाचा दाखला मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टांसोबत ठेवलाय. मुंबईत उतरल्यावर तो कागद कुणाच्या उपयोगाचा नाही, हे माझ्या जोडीदारालाही माहीत आहे. काल बॅग भरताना त्यानं त्याच्या आणखी दोन झेरॉक्स काढल्या. एक मावशीकडे ठेवायची म्हणाला.