सेंट्रालियाचा गोळीबार ‘विनाकारण’ नव्हता

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सेंट्रालिया नावाचं गाव आहे, तेव्हा ते लाकूडतोडीवर जगायचं. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी तिथे पहिल्या महायुद्धाच्या युद्धविराम दिनाचं संचलन निघालं होतं. त्यावर युनियनवाल्यांनी काही कारण नसताना गोळ्या झाडल्या आणि चार माजी सैनिकांना मारलं, असं सर्रास सांगितलं जातं. चार जण गेले हे खरं. पण बाकीचं तपासायला हवं.

‘कारण नसताना’ म्हणणाऱ्यांनी १९१८ साल आठवावं. त्या वर्षी रेड क्रॉसच्या संचलनातून जमाव फुटला आणि आयडब्ल्यूडब्ल्यू या युनियनच्या कार्यालयात घुसला. सामान रस्त्यावर आणून जाळलं, आतल्या माणसांना मारहाण करून गावाबाहेर नेऊन सोडलं. पुढच्या वर्षी त्यांची वर्तमानपत्रं विकणाऱ्या, जवळजवळ दृष्टी नसलेल्या माणसालाही पळवून नेलं. कुणाला शिक्षा झाली नाही. म्हणून १९१९ मध्ये संचलन पुन्हा आपल्याच दारावरून जाणार हे कळल्यावर कामगारांनी बंदुका जवळ केल्या. समोरच्या हॉटेलात आणि टेकडीवरही माणसं बसवली. हे मला पटत नाही. दार राखणं वेगळं आणि लांबून नेम धरणं वेगळं. पण पहिली गोळी सुटण्याआधीच कार्यालयाच्या दारावर चाल झाली होती, हे संचलनातल्याच एका डॉक्टरने मृत्यूच्या चौकशीत सांगितलं आहे.

‘ते देशद्रोही होते, युद्धकाळात काम बंद पाडत होते’ हा दुसरा आरोप. १९१७ च्या उन्हाळ्यातल्या संपाची मुख्य मागणी होती दहाऐवजी आठ तासांचा दिवस. लाकूडतोड्या स्वतःची वळकटी पाठीवर बांधून एका तळावरून दुसऱ्या तळावर जायचा, कारण कंपनी अंथरूणसुद्धा देत नसे. झोपायला उवांनी भरलेल्या फळ्या, अंगावर दिवसभराचे ओले कपडे. १९१८ च्या १ मेला अनेकांनी त्या वळकट्या पेटवून दिल्या. स्वच्छ चादर मागणं हा देशद्रोह कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. आणि गोळीबाराच्या रात्री जमावाने मारलेला आयडब्ल्यूडब्ल्यूचा वेस्ली एव्हरेस्ट स्वतः सैन्यात जाऊन आलेला होता.

‘कायद्याने न्याय केला’ हे तर ऐकवत नाही. युनियनच्या माणसांवरचा खटला माँटेसानो या दुसऱ्या गावात चालला, कोर्टाबाहेर सैनिकांचे तंबू होते. ज्यूरीने सात जणांना खुनाबद्दल दोषी धरलं, पण दया दाखवावी अशी शिफारसही केली. न्यायाधीशाने २५ ते ४० वर्षं दिली. पुढे ज्यूरीतल्याच काहींनी शपथपत्रं दिली की सगळा पुरावा आमच्यापुढे आला असता तर आमचा निकाल वेगळा असता. तरी शेवटचा कैदी रे बेकर सुटला तो १९३९ मध्ये.

एव्हरेस्टला मात्र गोळीबाराच्याच रात्री, गावातले दिवे बंद असताना, तुरुंगातून ओढून नेलं आणि चेहॅलिस नदीच्या पुलावर फाशी दिली. त्याबद्दल एकाही माणसावर खटला भरला गेला नाही.