आधी सालं तरी बघा

जुन्या अ‍ॅनिमेपटांचा विषय निघाला की एक मत हमखास कानावर पडतं, आणि ते आता इतकं फिरलंय की कुणी तपासून बघायच्या फंदात पडत नाही. परीकथा नि पुराणकथांवरचे जुने जपानी चित्रपट म्हणजे डिस्नेची स्वस्तातली नक्कल, असं ते मत. चित्रं अडखळती, गोष्ट आधीच ठाऊक, आणि वर शेवट रडका, मुलांना दाखवण्याजोगा नाही. यातले काही चित्रपट मी पाच-सहा वेळा पाहिलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

नक्कलेचा आरोप आधी घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. तोएई दोगा हा स्टुडिओ १९५६ साली सुरू झाला तो ‘पूर्वेचं डिस्ने’ व्हायचं हे मालकांचं स्वप्न घेऊनच. १९५८चा ‘हाकुजादेन’ हा जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. त्यातल्या गोंडस पांडाकडे बघून उसनवारी कळते, नाही कशाला म्हणू? पण पुढची सालं मांडून बघा. तोएईची जलपरी १९७५ची, डिस्नेची १९८९ची. तोएईचा अल्लादीन १९८२चा, डिस्नेचा १९९२चा. चौदा वर्षं नि दहा वर्षं आधी नक्कल करण्याची विद्या जपान्यांकडेही नसावी. डिस्नेनं ढापलं असं मी म्हणत नाही. गोष्टी मुळात दोघांच्याही नव्हत्या.

अडखळत्या चित्रांची गंमत वेगळी आहे. इथे टीव्ही आणि सिनेमाची सरमिसळ झालीय. १ जानेवारी १९६३ला चित्रकथाकार ओसामु तेझुकांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका जपानी टीव्हीवर आली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा तर चित्रं वाचवणं भागच होतं, म्हणून चेहरा स्थिर ठेवायचा आणि नुसते ओठ हलवायचे. ही काटकसर पुढे सगळ्या अ‍ॅनिमेच्या कपाळी चिकटली. त्याच वर्षी थिएटरात मात्र तोएईचा ‘वानपाकू ओजी नो ओरोची ताइजी’ लागला होता. त्यात आठ डोक्यांच्या ओरोची सर्पाशी सुसानो हा जपानी पुराणातला देव उडत्या घोड्यावरून लढतो. एक मुंडकं चुकवावं तर दुसरं खालून येतं, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. ओत्सुका यासुओ आणि त्सुकिओका सादाओ यांनी ही लढाई काढली, संगीत ‘गॉडझिला’वाल्या इफुकुबे अकिरांचं. डिस्नेची गोलाई शोधायला जाल तर हात हलवत परत याल. माणसं सपाट, कोनांची, कातरकामातून उतरल्यासारखी. ही स्वस्ताई असेल तर मला आणखी हवी.

‘गोष्ट ठाऊकच आहे’ या मुद्द्यावर तर मला हसूच येतं. रामाची सीता कोण हे ठाऊक असूनही कीर्तनाला बसणाऱ्यांच्या घरातून हे ऐकायचं? ओरोचीची कथा ७१२ सालच्या ‘कोजिकी’ या जपानी पुराणग्रंथात आहे. तिथला सुसानो दाढी छातीखाली रुळायला लागली तरी आईसाठी भोकाड पसरतो. मोठ्या बाप्याचं हे रडणं वाचताना चमत्कारिक वाटतं. चित्रपटानं काय केलं, तर त्याला पोर केलं. आई गेलीय हे न पटलेला, तिला शोधायला निघालेला हट्टी मुलगा. बदल एवढाच, पण त्यानं अख्ख्या पुराणकथेला कारण मिळालं. सर्पाला दारू पाजून गाफील करण्याची जुनी युक्ती आहेच, फक्त आता ती लढवणारा कोण आहे याची आपल्याला काळजी वाटते.

१९९२चं जपानी रामायण, हाही अ‍ॅनिमेपटच, तसंच. दिग्दर्शक साको युगो यांनी आपले अ‍ॅनिमेटर राम मोहन यांना सोबत घेऊन ते केलं. आमच्या घरी ते टीव्हीवर लागलं तेव्हा ‘जपानी काय राम दाखवणार’ म्हणत आजी भाजी निवडत बसली होती. कुंभकर्ण उठला आणि गवार तशीच राहिली. आता तिला काय कथा ठाऊक नव्हती?

राहिला रडका शेवट. हाकुजादेनच्या चिनी दंतकथेत श्वेतसर्पिणीला शेवटी लेइफेंग पॅगोड्याखाली कोंडतात. जपान्यांनी तिथे तिला मायाशक्ती सोडून माणूस व्हायला लावलं आणि प्रियकराशी गाठ घालून दिली. म्हणजे रडका शेवट त्यांनीच गोड केला! उलट १९७५च्या जलपरीत अँडरसनच्या १८३७च्या कथेशी ते प्रामाणिक राहिले. सुरी हातात असून ती राजपुत्रावर उगारवत नाही, आणि ती समुद्रात उडी घेते. लग्न नाही, वरात नाही.

मुलांना झेपत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा मुलांना विचारावं. माझ्या सात वर्षांच्या भाचीला मी हा जलपरीचा चित्रपट दाखवला तेव्हा मीच नाक पुसत होतो. ती रडली नाही. ‘तिनं मारलं असतं तर ती वाचली असती ना?’ एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं रिमोट घेतला आणि सुरीचा प्रसंग पुन्हा लावला.