‘घरातल्या तिकिटाचे पाच कोटी’ : त्या फॉरवर्डचा हिशोब

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की तो मेसेज ग्रुपवर हटकून येतो. सार असं: घरातली जुनी टपाल तिकिटं शोधा, गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट पाच कोटींना गेलंय, छपाई चुकलेलं असेल तर विचारूच नका, सापडलं की सोलून, धुऊन, लॅमिनेट करून ठेवा. यंदा तीन नातेवाइकांनी मला तो पाठवला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी पाच कोटींचं. २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या तिकीट-विक्रेत्या कंपनीने पाच लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या चारेक कोटींना, जे विकलं तो चार तिकिटांचा सलग पट्टा होता आणि चारही तिकिटांवर ‘सर्व्हिस’ छापलेलं होतं. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या १० रुपयांच्या तिकिटांपैकी फक्त १०० वर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी तो शब्द छापला होता. म्हणजे ती चूकही नव्हे, मुद्दाम केलेली छपाई. ‘सर्व्हिस’ नसलेलं साधं तिकीट हजारांत विकलं जातं, तेही खरं निघालं तर. खऱ्याची छपाई स्वित्झर्लंडची, फोटोग्रॅव्ह्युअरची, म्हणजे कोरलेल्या साच्यावरून केलेली. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ती साध्या ऑफसेट छपाईवर काढलेली नक्कल समजा.

‘जुनं म्हणजे दुर्मीळ.’ नाही. व्हिक्टोरियाची अर्ध्या आण्याची तिकिटं लंडनहून इतकी छापून आली की आजही किरकोळ भावात मिळतात. उलट १८५२ च्या ‘सिंध डाक’चं, म्हणजे सिंध प्रांतातल्या टपालाचं, लाल तिकीट दुर्मीळ, कारण ते लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठवलेलं होतं आणि हाताळताना तुटायचं.

‘वर काहीतरी जास्तीचं छापलंय, म्हणजे चूक.’ हे बहुतेक वेळा कुटुंब नियोजनाच्या लाल पाच पैशांच्या तिकिटावरचं ‘शरणार्थी सहायता’ असतं. बांगलादेशी निर्वासितांसाठी नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्रामागे पाच पैसे जादा लागायचे, त्याचं हे तिकीट. घरोघरी निघतं.

आता खऱ्या चुका. भारतातली सगळ्यात गाजलेली चूक १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटावरची. कलकत्त्याला हे दोन रंगांत छापायचे: लाल चौकट एका फेरीत, राणीचं निळं डोकं दुसऱ्या फेरीत. दोन फेऱ्यांच्या मध्ये कागद उलटा लागला आणि राणी शीर्षासनात गेली. अशी तिकिटं जगभरात तिसाच्या आसपास माहीत आहेत, आणि सगळी वापरलेली. टपालात चिकटवणाऱ्यांना काही वावगं दिसलंच नसावं! चुकीला किंमत येते ती अशी: छपाईची एक पायरीच उलटी झाली किंवा सुटली, तर. रंग केसभर सरकलाय, शाईचा ठिपका पडलाय, यालाही गिऱ्हाईक असतं, पण हौशी आणि मर्यादित.

दाते नसलेल्या तिकिटांचंही तसंच. छिद्रं पाडणं हे छपाईनंतरचं वेगळं काम, त्यामुळे एखादा ताव सुटून नाशिकरोडच्या प्रेसबाहेर पडू शकतो. पण संग्राहक एकमेकांना जोडलेली, न कापलेली जोडी मागतात, सुटं तिकीट नाही. कारण कात्री सगळ्यांकडे असते. माझ्याकडे एकदा ‘बिनदात्यांचं’ म्हणून आलेल्या तिकिटाच्या डाव्या कडेला भिंगातून तीन उथळ खळगे दिसले. कापणाऱ्याने छिद्रांच्या तळाशी कात्री पुरती नेली नव्हती. ‘पिवळा रंग गायब’ म्हणून आणलेलं दुसरं तिकीट खिडकीतल्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं ऊन खात होतं.

ऑनलाइन दिसणाऱ्या किमती? त्या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नव्हेत. आणि विक्रीआधी कुणी ‘नोंदणी फी’ मागितली तर फोन ठेवा. जुन्या नाणी-नोटांच्या नावाने असेच पैसे उकळले जातात, म्हणून रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये इशारा द्यावा लागला होता.

राहिलं लॅमिनेशन. यासारखं नुकसान वाळवीही करत नाही. न वापरलेल्या तिकिटाला मागचा डिंक शाबूत लागतो, आणि वापरलेलं असेल तर पुष्कळदा तिकिटापेक्षा शिक्क्यासकट पाकिटाला मान जास्त. मेसेज वाचून ओळखीतल्या एका काकांनी वडिलांच्या ट्रंकेतल्या १९४८ च्या पाकिटांवरची तिकिटं कापली, कोमट पाण्यात सोडवली, कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये बंद करून आणली आणि मला दाखवायला आले. पाकिटं कुठायत, विचारलं. ती रद्दीवाला घेऊन गेला होता.