नाताळच्या कार्यक्रमात कीर्तनाला अर्धा तास द्या

यंदाही आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ कार्यक्रमाची बैठक झाली आणि यंदाही ख्रिस्ती कीर्तन वगळलं गेलं. तरुण संघाचा बँड आहे, धर्मशिक्षणाच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांचं नाटक आहे, पडद्यावर दाखवायचा व्हिडिओ आहे. कीर्तनालाच तेवढा वेळ नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी स्पष्टच सांगितलं, की टाळ-चिपळ्या हे आपलं नव्हे. मागे मी एका ख्रिस्ती कीर्तनाची क्लिप इथे टाकली होती, तेव्हा खाली लोकांनी लिहिलं होतं की हे आमचं आहे, तुम्ही ते भोळ्या लोकांना ख्रिस्ती धर्मात ओढायला वापरता. आतले म्हणतात त्यांचं, बाहेरचे म्हणतात आमचं. या दोघांनाही उत्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी बाहेरच्यांशी बोलते, कारण त्यांच्या म्हणण्यात इतिहासाचा एक खरा भाग आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट संघाचा पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षं इथेच राहिला. त्याचं क्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. पण गोव्यातल्या ज्या साष्टीत तो काम करत होता तिथे त्याच काळात देवळं पाडली गेली होती, जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि पुढे पोर्तुगीजांनी तिथल्या गावकऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने बोलावून ठार केलं. हे सगळं घडलेलं आहे. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवतो, की आमची जुनी पुराणं तर गेली, त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या. ही विनवणी वाचताना मला दरवेळी त्या माणसाचं काय हरवलं होतं ते जाणवतं. आपण ख्रिस्ती लोकांनी हे वाक्य घाईने ओलांडू नये.

तरीही क्रिस्तपुराण मला परकं वाटत नाही. एखाद्याला फक्त माणसं ओढायची असती, तर प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका पुरली असती; तशी ख्रिस्ती सिद्धान्ताची पुस्तिका स्टीफन्सने लिहिलीही आहे. ११ हजार ओव्या लिहायला त्या भाषेत रमावं लागतं. ओवीचा तिसरा चरण ओढून चौथ्यावर सोडायचा कसा, हे कान तयार झाल्याशिवाय जमत नाही. मराठीला पुष्पांमधली मोगरी आणि परिमळांमधली कस्तुरी म्हणणाऱ्या त्याच्या ओव्या मराठी भाषा दिनाला सगळे फॉरवर्ड करतात आणि तिथेच थांबतात. पुढची कथा कोणी उघडत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी हाताने नकला उतरवल्या, त्या घराघरांत आणि चर्चमध्ये वाचल्या, म्हणून ग्रंथ जगला, आणि १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापता आला. जे पुस्तक लोक तीनशे वर्षं हाताने उतरवून काढतात, ते त्यांचं झालेलं असतं.

आता आमच्या नगरकडचं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. त्यांच्यासोबत परदेशी चालीची गीतं आली, पण गावात ती रुजेनात. एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. मग १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या उपासनेला तिचा आवाज मिळाला. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांची भजनं आज 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून आपण रविवारी म्हणतो. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ही बाई शाळेत गेलेली नव्हती, घरीच अक्षरं शिकली होती. तिने हे महाकाव्य पुरं केलं आणि 'स्मृतिचित्रे'ही लिहिली. 'स्मृतिचित्रे' वाचून तिच्या आणि टिळकांच्या श्रद्धेबद्दल जेवढं कळतं, तेवढं दहा प्रवचनांतून मला कळलेलं नाही. कारण त्या पुस्तकात ती कोणालाच काही पटवायला बसलेली नाही. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा आपली काय अवस्था झाली, सोवळं-ओवळं कसं सुटलं, हे ती जसं घडलं तसं सांगते.

टिळकांचं नाव सगळे घेतात, म्हणून मला ज्यांचं नाव कोणी घेत नाही त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. नगर, श्रीरामपूर, नेवासा, जालना या पट्ट्यात जे ख्रिस्ती झाले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. आमचं घरही त्यांतलंच. हलगी, सनई, ढोलकी, एकतारी हे या माणसांकडे मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं. गावच्या लग्नात वाजंत्री आमची, तमाशाच्या फडात ढोलकी आमची, आणि देवळात मात्र प्रवेश नाही. चोखोबांनी पायरीशी उभं राहून अभंग रचले. तेव्हा "कीर्तन-भजन आमचं, तुम्ही ते घेतलंत" असं कोणी म्हणतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं: नेमकं कोणाचं? आमच्या पणजोबांनी एकतारी कोणाच्या घरातून उचलून आणली नव्हती. देव बदलला, गळा तोच राहिला. ज्या दाराआत गाता येत नव्हतं ते दार मागे टाकून दुसऱ्या दाराआत ते आपल्याच गळ्याने गायले. यात आमिष कसलं?

आणि हेच उत्तर आतल्यांनाही आहे. "टाळ-चिपळ्या आपलं नव्हे" असं म्हणताना आपण आपल्याच पणजोबांना चर्चबाहेर उभं करतो.

कीर्तन म्हणजे नेमकं काय होतं हे पुष्कळ तरुणांनी पाहिलेलंच नाही, म्हणून एक सांगते. माझ्या आजोळी, श्रीरामपूरकडे, एक निवृत्त मास्तर कीर्तन करत. कमरेला उपरणं, हातात चिपळ्या, मागे पेटी, तबला आणि झांजवाले दोघे. विषय बायबलमधल्या उधळ्या पुत्राचा. पूर्वरंगात अभंग घेऊन देवाच्या क्षमेवर निरूपण, मग सगळ्यांचं भजन, मग आख्यान. "धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली," एवढं म्हणून ते थांबत. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात बांधावरून भाऊबंदकी चालू असायची, सातबाऱ्यावरून कोर्टात तारखा पडत असायच्या. त्या एका वाक्यावर मांडवात कुजबूज व्हायची. पवित्र शास्त्रातला तो बाप लगेच त्यांच्या गल्लीतला होऊन जायचा.

मग पोराने पैसा उडवला, दुष्काळ पडला, डुकरं राखायची वेळ आली, डुकरांच्या शेंगांनी पोट भरावंसं वाटलं. हा भाग मास्तर झपाट्याने, द्रुत लयीत गाऊन काढत. सगळा वेळ ते राखून ठेवत बापासाठी. बापाने त्याला लांबूनच ओळखलं, असं म्हणत ते डोळ्यांवर आडवा हात धरत. मग चिपळ्या काखेत मारून उपरणं सावरत खरोखर दोन पावलं धावत. आमच्याकडे म्हातारा माणूस रस्त्याने धावत नाही. धाकटे धावतात, म्हातारा ओट्यावर बसून राहतो आणि लोक त्याच्यापाशी येतात. त्यामुळे ती दोन पावलं पाहून बायका पदर डोळ्यांना लावत. क्षमेचा अर्थ तिथे वेगळा समजावून द्यावा लागत नसे.

पण खरी करामत पुढे होती. थोरला मुलगा शेतावरून येतो, आत वाजंत्री वाजते आहे, तो रुसून दारातच उभा राहतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. इथे मास्तर थांबत आणि विचारत, "मग, गेला का हो थोरला आत?" कोणीच उत्तर देत नसे. तेही देत नसत. सरळ भैरवी लावत.

लूककृत शुभवर्तमान काढून पाहा. प्रभूनेही हा दाखला तिथेच सोडला आहे. थोरला आत गेला की नाही हे सांगितलेलं नाही. ज्या कीर्तनकाराने ही गोष्ट तशीच सोडली त्याला शास्त्र पक्कं कळलं होतं, असं मी मानते.

आपल्या आजच्या ख्रिस्ती नाटकांबद्दल आणि व्हिडिओंबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. आपला गोष्टीवर भरवसा राहिलेला नाही. दारुडा नवरा असतो, रडणारी बायको असते, पाळकसाहेब घरी येतात, प्रार्थना होते, पुढच्या प्रसंगात नवरा सुधारून नोकरीला लागलेला असतो, आणि शेवटी कोणीतरी पुढे येऊन वचन वाचून दाखवतं. ज्यांच्या घरात दहा वर्षं प्रार्थना करूनही दारू सुटलेली नाही, त्या बहिणी समोर बसलेल्या असतात. त्यांना आपण काय देतो? बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात "हे परमेश्वरा, कोठवर?" असं विचारायची मुभा आहे, मग ती आपल्या रंगमंचावर का नसावी?

जे लोकांपर्यंत पोहोचलं ते असं घाबरत नव्हतं. १९७८ चा तेलुगू सिनेमा 'करुणामयुडु' हिंदीत 'दयासागर' होऊन आला आणि प्रोजेक्टर घेऊन फिरणाऱ्या माणसांनी तो खेडोपाडी दाखवला. विजयचंदर यांनी ख्रिस्त उभा केला. तो सिनेमा पौराणिक चित्रपटांच्या घडणीतला आहे. गाणी, भरजरी पोशाख, मोठमोठे प्रसंग, सगळं तसंच. शिकलेल्या ख्रिस्ती माणसांना तो भडक वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण तो बनवणाऱ्यांनी आपल्याला येत असलेली कला पूर्ण जोर लावून त्यात ओतली आहे. वधस्तंभाच्या प्रसंगाला चादरीच्या पडद्यासमोर जमिनीवर बसलेली माणसं हुंदके देत, त्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे कोणी मोजत नसे.

चित्रकलेतही हेच झालं. गोव्यातल्या सांतइस्तेव्ह गावचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) वैद्यकीचं शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले, शांतिनिकेतनात शिकले आणि साडीतली मरिया रंगवू लागले. गोव्यात त्यांच्यावर इतकी टीका झाली की ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि आयुष्यभर तिथेच चित्रं काढत राहिले. आज गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेत त्यांची चित्रं आदराने जपली आहेत. ज्यांनी त्यांना नावं ठेवली त्यांना वाटत होतं की मरियेने युरोपी बाईसारखंच दिसलं पाहिजे. नाझरेथची एक सुताराची बायको पुण्याच्या किंवा पणजीच्या बाईपेक्षा इटलीतल्या राजकन्येच्या जवळची कशी असेल?

बँडबद्दल गैरसमज नको. गिटार, ड्रम, कीबोर्ड यांना माझा विरोध नाही. पेटीदेखील युरोपातूनच आली आणि आज तिच्याशिवाय भजन होत नाही. तरुण पोरं मेहनत घेतात, त्यांची भक्ती खरी आहे. माझं म्हणणं गाण्यांच्या शब्दांबद्दल आहे. इंग्रजी गाण्याच्या चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व तिथे दीर्घ होतं, समेवर भलतंच अक्षर येतं, आणि म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतोय तेच उमगत नाही. टिळकांच्या भजनात असं होत नाही, म्हणून माझी आजी निरक्षर असून ती पन्नास-साठ गाणी तोंडपाठ म्हणायची. तरुणांनो, ड्रमवर म्हणा, पण नवं मराठी लिहा. अभंगाचा छंद शिका, ओवी शिका. गावाकडच्या एखाद्या ढोलकीवाल्याला बोलवून त्याच्यासमोर बसा. आणि मंडळीच्या कमिटीला माझी विनंती आहे, की साउंड सिस्टीमला जेवढा खर्च मंजूर होतो त्यातला थोडा कीर्तनकाराच्या मानधनाला आणि प्रवासखर्चाला ठेवा. त्यांना आपण वर्षानुवर्षं शाल-नारळावर परत पाठवलं, म्हणून त्यांची मुलं या वाटेला आली नाहीत.

आता एक मागणं, आणि हे तातडीचं आहे. नगर, औरंगाबाद, जालना, सोलापूर, नाशिक या भागांतल्या पुष्कळ घरांत आजोबांच्या पदांच्या, आख्यानांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. काही कसर लागून चालल्या आहेत, काही घर बांधताना रद्दीत गेल्या. तुमच्याकडे असतील तर पानापानाचे स्वच्छ फोटो काढा. पदावर चाल लिहिलेली असेल तर ती ओळ कापली जाऊ देऊ नका. घरातल्या कोणाला ती चाल येत असेल तर आजच्या आज फोनवर गाऊन घ्या, आवाज कापरा असला तरी चालेल. कीर्तनकाराचं नाव, गाव आणि साधारण कोणत्या वर्षांत ते कीर्तन करत हे सोबत लिहून ठेवा. मी माझ्या आजोळच्या वह्यांपासून सुरुवात केली आहे. ज्यांना यात हातभार लावायचा आहे त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. आणि ज्यांच्या मंडळीची नाताळची पत्रिका अजून छापायला गेली नसेल, त्यांनी उद्याच पाळकसाहेबांना भेटून कीर्तनासाठी अर्धा तास मागून घ्या.