आग लागली तर टेरेसवर पळायचं नाही, तो मेसेज चुकीचा आहे

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर "आग लागली की सगळ्यांनी टेरेसवर जा, हेलिकॉप्टर घ्यायला येतं" असा मेसेज फिरतोय, प्लीज पुढे पाठवू नका. धूर जिन्यातून वरच चढतो, म्हणजे आपण धुराच्याच मागे पळणार, आणि आपल्या टेरेसवर टाक्या, सोलर पॅनल, डिशच्या वायरी, तिथे हेलिकॉप्टर उतरणार कुठे? १९७४ साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या जोएल्मा बिल्डिंगमध्ये लोक असेच छतावर गेले, पण धूर आणि उष्णतेमुळे हेलिकॉप्टर उतरूच शकलं नाही, कितीतरी जण तिथेच दगावले. अमेरिकेत २००१ च्या ११ सप्टेंबरला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये तर छताचे दरवाजेच लॉक होते.

खरं काय करायचं, तर लिफ्ट सोडून जिन्याने खाली, जिन्याचा फायर डोअर आपल्यामागे बंद करत, आणि खाली धूर असेल तर रेफ्यूज एरियात (उंच बिल्डिंगमध्ये आगीच्या वेळी थांबायला ठेवलेली मोकळी जागा) थांबून १०१ ला फोन. आमच्या रेफ्यूजमध्ये परवापर्यंत तीन सायकली आणि एक फाटका सोफा होता, तो कमिटीच्या मागे लागून हलवला. आणि हो, टेरेसवर पळायचं नसलं तरी दुसरा मार्गच उरला नाही तर म्हणून, टेरेसला कुलूप घालणंही चूकच आहे, आमच्या ड्रिलमध्ये वॉचमनकाकांना चावीच सापडेना. फायर सिस्टीम चालू स्थितीत असल्याचं फॉर्म बी सर्टिफिकेट दर जानेवारी-जुलैला लागतं, ते सेक्रेटरींकडे आजच मागा.