टोकन नंबर 87

लग्नपत्रिकेच्या तळाशी, ‘कृपया आहेर आणू नये’च्या खाली, बारीक अक्षरांत छापलं होतं : ‘वॉलेट पार्किंगची सोय आहे.’ आहेर नको म्हणतायत आणि पाकीट मात्र दारातच काढून घेतायत की काय, असं क्षणभर वाटलं. मग उजेड पडला. व्हॅले पार्किंग! म्हणजे मांडवाच्या दारात उतरायचं, चावी अनोळखी पोराच्या हातात द्यायची आणि आपण अंगावर गुलाबपाणी घेत आत जायचं.

“मग वॅगन आर काढा,” ही म्हणाली.

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक वॅगन आर, जिच्यावर घर चालतं. दुसरी ऑडी टीटी, जिच्यावरून घरात भांडणं चालतात.

सुताचा व्यापार करणाऱ्या माणसाला स्पोर्ट्स कार कशाला लागते, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सासऱ्यांनी विचारलं तेव्हाही नव्हतं. “एवढ्यात दोन रॅपियर लूम आल्या असत्या,” एवढंच म्हणून त्यांनी भाकरी मोडली. 2022 साली पुण्याहून सेकंडहँड आणली. 2016 चं मॉडेल, लालभडक, दोन दारांची. टीटी हे नाव आयल ऑफ मॅन बेटावरच्या टूरिस्ट ट्रॉफी नावाच्या शर्यतीवरून पडलंय, पण सोलापुरात त्या शर्यतीला कोण विचारतो? शेजारी म्हटलं, “टीटी घेतली,” तर म्हणाले, “का हो, खिळा लागला?” रेल्वेतल्या मित्राला सांगितलं, तर त्याने विचारलं, “कुठल्या गाडीवर असतो?”

पण गाडी म्हणजे गाडी हो! शून्यावरून शंभरवर 5.3 सेकंदांत जाते, असं कंपनी म्हणते. मी स्वतः बघितलेलं नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला शून्यावरून दहावर जायलाच आपली पाच मिनिटं जातात. रविवारी पहाटे, गाव उठायच्या आत, भुईकोट किल्ल्याच्या कडेने सिद्धेश्वर तलावाकडे एक फेरी मारून आणतो. वेग चाळीस. परत आलं की पुसायची. धुवायचं नाव काढायचं नाही, कारण उजनी भरून वाहत असलं तरी आमच्या नळाला पाणी चार दिवसांआड येतं आणि त्या दिवशी बादली गाडीकडे वळली तर माझं काय होतं, ते इथं लिहीत नाही. सीटवर टर्किश टॉवेल अंथरलेत. सोलापुरात राहून टॉवेलला कंजुषी कशाला? मागे दोन सीटा आहेत, पण त्या माणसांसाठी आहेत असं मला अजून पटलेलं नाही. शेंगाचटणीचे दोन पुडे बसतात, तेही पाय दुमडून.

आणि एक पट्टी आहे. डिकीच्या झाकणात दडलेली असते. गाडीने 120 चा वेग गाठला की ती आपोआप वर येते, गाडीची मागची बाजू रस्त्याला दाबून धरायला. वेग 80 च्या खाली आला की गुपचूप आत जाते. बटण दाबूनही वर करता येते. तीन वर्षांत मी ती एकदाही वर केली नव्हती. आत धूळ जाईल म्हणून.

तर अशी गाडी घेऊन मी हिच्या मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला निघालो. कारण खरं सांगायचं तर मिरवायचं होतं. सासरे येणार होते.

होटगी रोडवरच्या त्या मंगल कार्यालयाच्या दारात मे महिन्याचं ऊन नुसतं उभं राहिलेलं. दोन मापं मोठा युनिफॉर्म घातलेलं एक पोरगं पळत आलं. टोपी कपाळावर, पायात स्लीपर. ही उतरून पदर सावरत आत गेलीसुद्धा. मी मात्र उतरायला तयार नव्हतो. हिची पाठ वळल्यावर हळूच ट्रिप मीटर शून्य करून ठेवला होता. आता नुसता स्टिअरिंग धरून बसलो होतो.

“उतरा की मालक.”

“लायसन आहे का?”

“हाय की. टेन्शन कशाला घेऊलालाव?”

“हे बघ, ही साधी गाडी नाही. स्पीडब्रेकर सरळ घ्यायचा नाही. तिरका घ्यायचा. एक चाक आधी, मग दुसरं. दार आपटायचं नाही. एसी—”

“क्लच नाही ना हिला?” त्याने खिडकीतून वाकून विचारलं.

झालं! माझ्या पोटात गोळा आला. ज्याला क्लच सापडत नाही त्याच्या हातात—

“म्हणजे पायात नाही. आत दोन हायेत,” तोच पुढे म्हणाला. “ड्युअल क्लच. ऑडीवाले एस ट्रॉनिक म्हणत्यात. सहा गिअर. आन ही क्वाट्रो, चारी चाकं ओढत्यात. बंद केली की मालक कंपनीने, 2023 ला. यूट्यूबवर बघितलंय सगळं.”

माझा गोळा खाली जायच्या ऐवजी वरच सरकला. अडाणी माणूस अशा गाडीला घाबरतो. दबकत चालवतो, फार तर एखादा ओरखडा येतो. पण हे पोरगं माहीतगार निघालं. माहीतगार माणूस या गाडीत बसून दुसऱ्या गिअरवर समाधान मानेल, हे ब्रह्मदेवाने सांगितलं तरी मी मानणार नव्हतो. मागे इनोव्हावाला हॉर्नवर बसला होता, बँडवाल्यांची वाट अडली होती, आणि माझ्या हातात पत्र्याचा एक बिल्ला पडला. त्यावर खिळ्याने ठोकून काढलेला आकडा, 87. गाडी गेली. स्पीडब्रेकर तिरका घेतला, हे मी पाहिलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, हेही पाहिलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या, माझ्या मुठीत बिल्ला. ‘शुभमंगल सावधान’ ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून पळाले म्हणतात. मला तो प्रसंग त्या दिवशी आतून कळला. दुसऱ्या ‘सावधान’ला मी दाराकडे सरकलो. हिने न बघता माझ्या सदऱ्याचं टोक पकडलं. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढी एक गोष्ट पक्की जमते.

जेवायला साडूंच्या शेजारी बसलो. साडू वकील आहेत आणि पंगतीत वकिलाशेजारी बसू नये. हुग्गीवर तूप पडलं, शेंगापोळी आली, आणि त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, “का हो, बीपी आहे का?” मी गाडीचं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

“अहो, काळजी कशाला? कायदा तुमच्या बाजूने आहे. चावी दिली की बेलमेंट झालं. करार कायदा, 1872, कलम 148. वस्तू त्यांनी सांभाळायची आणि परत द्यायची. दिल्लीची केस आहे. 1998 सालची. एक गृहस्थ रात्री अकराला एका बड्या हॉटेलात मारुती झेन घेऊन गेले. चावी व्हॅलेवाल्याला दिली. एकला बाहेर येऊन बघतात तर झेन तिसराच कोणीतरी घेऊन गेलेला.”

घास माझ्या हातात राहिला. “मग?”

“मग काय, हॉटेलवाले म्हणाले, पावतीच्या मागे छापलंय, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, असं छापलं म्हणून हात झटकता येणार नाहीत. तुमचा हलगर्जीपणा नव्हता हे आधी तुम्ही दाखवा. नोव्हेंबर 2019.”

“म्हणजे एकवीस वर्षं लागली.”

“न्याय मिळाला ना पण!”

“आणि झेन?”

“झेन कसली मिळतेय? कंपनीने बनवायचीच बंद केली मधल्या मधे.” साडूंनी शेंगापोळीचा तुकडा तुपात बुडवला. “बाळ, जेव की रे,” ते शेजारच्या नातवाला म्हणाले. नातवाची जागा रिकामी होती. पानात अर्धी जिलेबी होती. “गेला वाटतं खेळायला,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बिल्ला तेवढा जपून ठेवा.”

मी मनात हिशेब मांडला. एकवीस वर्षं म्हणजे माझं वय त्र्याहत्तर. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. बँड जरा थांबला होता म्हणून ऐकू आला. टीटी जोरात दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाते तेव्हा सायलेन्सरमधून एक ‘फट्’ येतो, ओठ मिटून हसू दाबल्यासारखा. मी तो यूट्यूबवर ऐकला होता. माझ्या गाडीतून कधी आला नव्हता. मी ताटावरून उठलो.

कार्यालयाच्या मागे मोकळं मैदान, कडेला बाभळी. खुर्चीवर एक मामा बसलेले, शेजारी प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून किल्ल्या टांगलेल्या. एका खिळ्यावर माझी चावी होती, तिच्या अंगावर स्प्लेंडरची चावी रेलली होती. चावी इथं म्हणजे गाडीही इथंच. पण इनोव्हा होत्या, बोलेरो होत्या, लाल काही नव्हतं.

“सत्त्याऐंशी व्हय? ती उन्हात नसती मालक. तिकडं, जनरेटरच्या शेडात.”

शेडात काहीतरी ठेंगणं, ऐसपैस झोपलं होतं. अंगावर सोलापुरी चादर. मोरांची, हिरवी. त्या चादरीवर माझा धंदा चालतो, पण तिची किनार अशी गाडीच्या नाकावर नीट दुमडून घातलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पोरगं कुठूनतरी पळत आलं.

“ऊन लै हाय ना मालक. पेंट जातंय लाल कलरचं. आतल्या गादीवाल्याकडनं मागून आणली.”

आता या माणसाला काय बोलणार? मी चादर काढली. सीटवरचा टॉवेल जागेवर. काचा जागेवर. मी आत बसून ट्रिप मीटर बघितला. 6.4 किलोमीटर! दारापासून शेड दोनशे पावलं. मी खाली उतरलो आणि मागे गेलो. पट्टी वर होती.

“सहा किलोमीटर कुठं गेली?”

“डावं मागलं टायर बसलेलं मालक. आत पिवळा दिवा लागूलालता. किती दिवस झाले?”

तो दिवा दिवाळीपासून लागतो. मी सेन्सर बिघडलाय असं ठरवून टाकलं होतं. मी काही बोललो नाही.

“पंपावर जाऊन भरून आणली हवा. चारींत. दहा रुपये झाले, राहू द्या.”

“आणि ही पट्टी?”

त्याने पट्टीकडे असं बघितलं, जशी काय तीही त्याला आत्ताच दिसली. “ती व्हय? हवेनं आली असंल वर.”

हवेचं उत्तर त्याने हवेनेच दिलं. 120 ला वर आली असती तर 80 च्या खाली आपली आपण आत गेली असती. म्हणजे बटणच. पण हे त्याला ऐकवलं तर ‘मग दाबा की मालक बटण’ असं तो म्हणणार, आणि ते बटण नेमकं कुठं आहे, हे मला आठवत नव्हतं. त्याला विचारायचं? त्यापेक्षा मी पन्नासची नोट काढली. त्याने सेल्फी मागितला. दोघांच्या मधे पट्टी आली.

दारात गाडी आणली तेव्हा सासरे उभे होते. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मागे थांबले आणि पट्टीवर बोटाने टिचकी मारली. “हे आधी नव्हतं,” ते म्हणाले. “नवीन बसवलं काय? किती गेले?”

घरी पोचेपर्यंत ही गप्प होती. रंगभवनला सिग्नल लागला तेव्हा मागे वळून म्हणाली, “अहो, मागच्या सीटवर अक्षता कशा आल्या?”

“तुझ्याच डोक्यातल्या असतील.”

“माझं डोकं पुढे आहे.”

रात्री आठला साडूंचा फोन. आधी हवापाण्याचं बोलले, मग मुलीकडच्यांनी व्यवस्था चांगली ठेवली होती म्हणाले. वकील माणूस मुद्द्याला उशिरा आला की समजावं, मुद्दा त्याच्या विरुद्ध आहे.

“एक विचारायचं होतं. नातवाचा एक बूट सापडत नाहीये. उजव्या पायाचा. तुमच्या गाडीत जरा बघता का?”

“माझ्या गाडीत?”

“तो म्हणतो, मागे पाच जण होते. सगळ्यांचं काही एकदम जमेना, म्हणून त्या मुलाने तीन फेऱ्या मारल्या. विमानतळापर्यंत. पोरांनीच हट्ट धरला म्हणे. मुलगा बिचारा नाहीच म्हणत होता.”

“साडूभाऊ,” मी म्हणालो, “हे कलम 148 मध्ये बसतं का?”

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. “बिल्ला आहे ना जवळ?”

“परत दिला.”

“मग अवघड आहे.”

मी फोन कानाला धरूनच खाली गेलो. पुढची सीट सरकवून हात घातला. सीटखाली काहीतरी हाताला लागलं आणि लुकलुकलं. टाच दाबली की लाल-निळे दिवे लागतात, त्यातला बूट. आत तीन-चार अक्षता आणि जिलेबीचा उरलेला अर्धा तुकडा.

“सापडला,” मी म्हणालो. फोन मात्र तोवर नातवाकडे गेला होता.

“काका, गाडीची शेपटी खाली गेली का?”

“नाही अजून.”

“मग राहू दे वरच. भारी दिसते.”